मीठफुटी : नीरेच्या खोऱ्यातील पाणी, माती आणि पीक

सन १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. लेखक दोघे होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे. पुस्तिकेचा विषय होता नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी. नीरा डावा कालवा सुरू झाला तो १८८५ साली. म्हणजे कालव्याचे पाणी शेतात आल्यापासून २५ वर्षांच्या आत, त्या पाण्याने बिघडलेल्या जमिनींवर सरकारी खात्याला स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली होती.

माझे आजोळ याच कालव्यावरचे, बारामती तालुक्यातले. आजोबांच्या वाटणीत ओढ्याकडचा एक तुकडा होता, तो सगळे जण 'चोपण' म्हणत आणि सोडून देत. त्यात गुरेही फार थांबत नसत. आजोबांच्या वडिलांनी त्याच तुकड्यात शाळू काढला होता, असे घरात सांगत. एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांत चांगली काळी जमीन निकामी कशी होते, हा प्रश्न मला तिथे पडला आणि पुढे नोकरी सांभाळून मिळतील ती जुनी पुस्तके, अहवाल, गॅझेटिअर वाचत मी त्याच्या मागे लागलो. मी शेतकी पदवीधर नाही. पण हा प्रश्न जितका शेतीचा तितकाच इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर आज पुन्हा लागणार आहे, म्हणून हा लेख.

दुष्काळाच्या पोटी जन्मलेला कालवा

पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. भोरच्या डोंगरात धो धो पाऊस पडतो, पण तिथून पूर्वेला जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. बारामती-इंदापूरकडे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तोही दरवर्षी पडेल असे नाही. उलट ऊन-वाऱ्यामुळे वर्षभरात उघड्या पाण्याची जी वाफ होऊ शकते ती १५०० मिलिमीटरपेक्षा जास्त. आकाश जेवढे देते त्याच्या तिपटीने परत मागते. कोरड्या हवामानाची ही सोपी व्याख्या. पुढचे सगळे या एका आकड्यातून निघते.

१८७६ ते १८७८ या दुष्काळाने दख्खन होरपळली. दुष्काळी कामे म्हणून जी मोठी पाटबंधाऱ्याची कामे हाती घेतली गेली त्यांत नीरेचा कालवा होता. वेळवंडी नदीवर भाटघर येथे धरण, तिथून सोडलेले पाणी नीरेतून वीरच्या बंधाऱ्यापर्यंत आणि वीरपासून डाव्या तीराने पुरंदर, बारामती, इंदापूर असा कालवा. योजनेचा हेतू सरळ होता. पाऊस चुकला तर कालव्याच्या पाण्याने ज्वारी-बाजरी वाचवायची. थोडे पाणी पुष्कळ जमिनीला.

प्रत्यक्षात निराळे घडले. ज्या वर्षी पाऊस बरा त्या वर्षी शेतकरी पैसे भरून पाणी घेईना. ज्या वर्षी दुष्काळ त्या वर्षी सगळेच मागू लागले. कालवा तोट्यात चालला. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ आले आणि पाण्याची किंमत लोकांना पटली. सासवडकडून बागायतीत मुरलेले माळी शेतकरी कालव्यावर आले, खंडाने जमिनी घेऊन ऊस लावू लागले. ऊस बारा महिने पाणी घेतो, पट्टी भरतो आणि गुळाचे रोख पैसे देतो. पाटबंधारे खात्याला नियमित गिऱ्हाईक मिळाले. दुष्काळनिवारणासाठी काढलेला कालवा उसाचा कालवा झाला.

भाईंदरची मिठागरे आणि बारामतीची शेते

मी राहतो भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवर. इथे पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्याही वर. नीरेच्या खोऱ्याशी या जागेचा काही संबंध नाही. तरीही तिथे काय झाले हे मला नीट उमगले ते इथल्या खाडीकाठच्या मिठागरांमुळे. आगरी समाजाचे नावच ज्या 'आगरा'वरून आले ते हे मिठाचे आगर.

मिठागराची विद्या थोडक्यात अशी. पावसाळा संपला की बांध दुरुस्त करायचे. तळ तुडवून, चोपून घट्ट करायचा, म्हणजे पाणी खाली जिरू नये. भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात फिरवत उन्हात ठेवायचे. पाण्याला खाली वाट नाही, बाजूला बांध आहे. राहिला एकच रस्ता, वर. ऊन पाणी घेऊन जाते, मीठ घेऊन जात नाही. एक घनमीटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार असतात, म्हणून काही आठवड्यांत पांढरे मीठ हाताला लागते.

आता नीरेकाठचे शेत पाहू. कालव्याचे पाणी गोड. तरी त्यात थोडे क्षार असतातच, कारण ते खडकावरून आणि मातीतून आलेले असते. उदाहरणापुरते धरू की घनमीटरमागे अवघे २०० ग्रॅम. चवीला कळणारही नाहीत इतके. उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी दिले, तर एकरी सुमारे ८००० घनमीटर झाले. त्याबरोबर शेतात आलेले क्षार १६०० किलो. ऊस पाणी पिऊन हवेत सोडतो, क्षार बहुतेक मुळाशीच ठेवतो. ते वाहून नेण्याची वाट नसेल तर दहा वर्षांत एकरी १६ टन. समुद्राचे मीठ आठवड्यांत जमते, कालव्याचे वर्षांनुवर्षे. क्रिया तीच.

खाडीकाठी माणूस जे जाणूनबुजून करतो तेच नीरेकाठी नकळत झाले. दोन्हीकडे तीन गोष्टी लागतात. सतत येणारे पाणी, कडक ऊन, आणि पाण्याला खाली न जाऊ देणारा तळ. पहिल्या दोन गोष्टी उघड आहेत. तिसरी कुठून आली ते पाहण्यासाठी मातीत उतरावे लागते.

काळ्या मातीचा स्वभाव

दख्खनची काळी माती बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, झिजेतून झाली. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात या भेगांत हात जातो. पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून खोल उतरते, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि आत शिरलेली ओल कुलूप लावल्यासारखी जपली जाते. या ओलीवर रब्बीचा शाळू पावसाच्या एका थेंबावाचून पिकतो. ज्वारीची मुळे खोल जाऊन ती ओल शोधून काढतात. हरभरा, करडई हीही अशीच पिके, करडई तर फारच खोल जाणारी.

इथे झाडझाडोऱ्याचे काम लक्षात घ्यावे. कोरड्या मुलखातली वनस्पती, मग ती शेतातली ज्वारी असो की माळावरची पवन्या-कुसळी, बांधावरची बाभूळ असो की ओढ्याकाठचा हिवर, पडलेल्या पावसाचा जवळजवळ सगळा हिशेब वर्षाच्या आत चुकता करते. मुळांच्या खाली जाण्याइतके पाणी फार थोडे उरते. त्यामुळे भूजल खोल राहते आणि मातीतले क्षार खालच्या थरात विखुरलेले राहतात. चुनखडीचे जे पांढरे खडे काळ्या मातीत सापडतात ते याच व्यवहाराचे चिन्ह. पाणी तिथपर्यंत उतरले, मुळांनी ओढून घेतले, चुना तिथेच बसला. माती, पाणी आणि वनस्पती यांनी शतकानुशतके ठेवलेली ही वही होती.

कालव्याने या वहीत एकदम नवीन जमा मांडली. उसाला पाटाने भरपूर पाणी सोडले जाई. त्यातले पिकाला लागते तेवढे लागले, उरलेले जिरले. शिवाय कालव्याच्या आणि चाऱ्यांच्या तळातून झिरपणारे पाणी वेगळे. काळी माती पाणी संथपणे खाली सोडते. तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कठीण पाषाण. सखल भागात या पाण्याला बाहेर पडायला जागा नाही. भूजल वर चढू लागले. ते जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आले की चिकणमातीची सूक्ष्म छिद्रे ते दिव्याच्या वातीप्रमाणे वर खेचतात. वर ऊन आहेच. मिठागराचा तिसरा भाग, बंद तळ, असा तयार झाला. खालच्या थरात विखुरलेले जुने क्षारही या पाण्यात विरघळून वर आले.

जमीन बिघडण्याच्या पायऱ्या शेतकऱ्यांच्या भाषेत स्पष्ट आहेत. आधी जमीन पाणथळ होते. वाफसा लवकर येत नाही, ऊस पिवळा पडतो कारण त्याच्या मुळांना हवा मिळत नाही. हरळी आणि लव्हाळा माजतो. मग उन्हाळ्यात वरंब्यांच्या माथ्यावर पांढरी बुकटी दिसते. सांगली-कोल्हापूरकडे याला 'मीठफुटी' म्हणतात. ही खारवट जमीन. अजूनही पाणी बाहेर काढता आले तर ती धुऊन निघते.

पुढची पायरी वाईट. क्षारांतला चुना खड्यांच्या रूपाने बाजूला पडतो आणि सोडियम उरतो. तो चिकणमातीच्या कणांना चिकटला की कण एकमेकांपासून सुटतात. ओली झाली की अशी माती लोण्यासारखी निसरडी, वाळली की दगडासारखी. पाणी वर उभे राहते, चार बोटे खाली माती कोरडीच. हीच चोपण. आता तळ बंद करायला खालच्या पाषाणाचीही गरज नाही, मातीच स्वतःचा तळ झाली. आजोबांच्या तुकड्याची गत हीच होती.

मोटेचे गणित

जुन्या दप्तरांत बागायतीचे दोन प्रकार येतात, मोटस्थळ आणि पाटस्थळ. विहिरीवर मोट चालवून भिजवलेले ते मोटस्थळ, पाटाने भिजवलेले ते पाटस्थळ. महसुलाच्या दृष्टीने हा फरक आकारणीचा. मातीच्या दृष्टीने तो त्याहून मोठा आहे.

मोटेचे पाणी जमिनीखालून येते. विहीर जितकी उपसली जाईल तितके भूजल खाली राहते. म्हणजे विहीर एकाच वेळी पाणी देते आणि निचराही करते. शिवाय मोटेला बैल लागतात, माणूस लागतो, बैलांना वैरण लागते. फुकट पाणी कुणी ओतत नाही. पाटाचे पाणी उतारावरून आपोआप येते. नीरेवर कालवा आल्यावर त्याच्या भिजक्षेत्रात मोट चालवण्यात अर्थ उरला नाही. भूजल वाढवणारी सोय आली आणि भूजल उतरवणारी सोय थांबली.

त्यात पट्टीची पद्धत. आकारणी पिकावर आणि क्षेत्रावर. एक एकर उसाला किती पाणी घेतले याचा पट्टीशी संबंध नाही. मग पाळी आली की शेतकरी वाफे तुडुंब भरणारच, पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री नसताना तर नक्कीच. त्याला दोष देणे सोपे आहे. पण पाणी मोजून न देणाऱ्या व्यवस्थेत मोजून घेणारा शेतकरी निघेल, ही अपेक्षाच चुकीची.

ज्यांनी वेळेवर ओळखले

या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की धोका कुणाच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. १९०१ ते १९०३ या काळात सबंध हिंदुस्थानासाठी पाटबंधारे आयोग बसला होता. त्या सुमारास पुण्यात कार्यकारी अभियंता होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. नीरा कालव्यासाठी त्यांनी गटपद्धत सुचवली, तिला ब्लॉक पद्धत म्हणत. कालव्याखालची जमीन लहान लहान गटांत वाटायची. गटातल्या तिसऱ्या हिश्शातच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, आणि ही पिके आळीपाळीने फिरवायची. पाणी कालव्याच्या पुढच्या गावांपर्यंत पोहोचेल आणि कुठलीही जमीन सतत ओली राहणार नाही, हे दोन्ही हेतू त्यात होते. आरंभी विरोध झाला. बागायतदारांना आपला ऊस आक्रसेल अशी भीती होती.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी नव्हती. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालत होती. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, बारमाही पिकाला ठरावीक फड, आणि पुढच्या हंगामात फड बदलायचा. पाटकरी, जागल्या, हवालदार हे गावाने नेमलेले. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी जाईल ते गाव ठरवी. आज जिला पिकांची फेरपालट आणि जमिनीला विसावा म्हणतात, ती तिथे नियमातच होती.

मान-ताम्हाणेंची १९१० ची पुस्तिका यानंतरची. त्याच मान यांनी पुढे पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा सविस्तर अभ्यास केला, तो १९१७ साली प्रसिद्ध झाला. १९२१ साली जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा अभ्यास आला. त्यात त्यांचे सहकारी होते ना. वि. कानिटकर. हेच कानिटकर १९२३ पासून मांजरीला आणि नंतर सोलापूरला कोरडवाहू शेतीच्या संशोधनात गुंतले. बांध घालून पाऊस शेतातच मुरवणे, खोल नांगरट, पाभरीच्या फणांत जास्त अंतर, वारंवार कोळपणी, असे ते तंत्र होते. कोळपणीने वरची माती मोकळी झाली की खालची ओल वर खेचणारी वात तुटते. म्हणजे एकाच पिढीत, एकाच शेतकी खात्यातली माणसे कोरड्या मुलखाचे दोन्ही आजार अभ्यासत होती. सोलापूरला पाणी कमी पडल्याचा, बारामतीला जास्त झाल्याचा. उपायाचा धागा एकच होता, मातीतली वाफ आणि मातीतले पाणी यांचा हिशेब.

१९१६ साली मुंबई सरकारने पुण्यात पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी एक विशेष विभाग उघडला. त्याचे प्रमुख सर क्लॉड इंग्लिस. इंग्लिस आणि गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांवरील निचऱ्याच्या कामांची मांडणी १९२८ साली एका टिपणात केली. निचरा म्हणजे नुसते चर खणणे नव्हे. काळ्या मातीत उथळ चर खणला तर शेजारच्या चार फुटांतलेही पाणी त्यात येत नाही. पाणी चालते ते खालच्या मऊ मुरमातून. तो थर हुडकून, नैसर्गिक ओढ्याच्या रेषेने, त्या थरापर्यंत चर न्यावा लागतो. याच विशेष विभागातून पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. आज तिचे नाव धरणे आणि बंदरे यांच्या प्रतिकृतींसाठी घेतले जाते, पण तिच्या मुळाशी दख्खनच्या कालव्यांची शेतजमीन आहे.

१९३२ साली नीरेच्याच काठी, फलटण तालुक्यातल्या पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र निघाले. तिथे जे. के. बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालव्यांखालच्या मातीचे उभे छेद घेऊन तिचे प्रकार पाडले आणि १९३८ साली ते प्रसिद्ध केले. नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालवा त्यांत होते. प्रत्येक मातीची खोली, चुनखडीचा थर, क्षार, निचरा हे सगळे पाहून कुठल्या जमिनीला बारमाही पाणी सोसेल आणि कुठल्या जमिनीला नाही, हे सांगता येण्याजोगे ज्ञान तयार झाले. माझ्या माहितीत शेतजमिनीच्या इतक्या बारीक पाहणीची इतकी जुनी उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत.

जुने दुखणे, नवे पत्ते

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. आजच्या इराकमध्ये तैग्रिस-युफ्रेटिसच्या दुआबात साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी कालव्यांवर गहू आणि जव पिकत. शतके गेली तसा गहू घटत गेला आणि जव वाढत गेला, कारण जव खार सोसतो. मातीच्या पाट्यांवरच्या धान्याच्या हिशेबांतून संशोधकांनी हे वाचले. उत्तर हिंदुस्थानात यमुना आणि गंगेच्या कालव्यांखाली 'रेह' नावाने हीच पांढरी बुकटी आली आणि १८७०च्या दशकात तिच्यासाठी सरकारी समिती बसली. म्हणजे नीरा कालव्याचे काम चालू असतानाच उत्तरेतला अनुभव कागदावर येत होता.

स्वातंत्र्यानंतर वीज आली, साखर कारखाने आले, नदीवरून पाणी उचलणाऱ्या सहकारी उपसा योजना आल्या. कृष्णा आणि वारणेच्या काठी, मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ, हातकणंगले या तालुक्यांत ऊस पसरला. शिरोळ-मिरजेकडचा पाऊसही बेताचाच. पण नदी भरलेली, मोटार स्वस्त विजेची. १९८० नंतर इथल्या गावोगावी मीठफुटी हा रोजच्या बोलण्यातला शब्द झाला. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्र याच जमिनींवर काम करते.

उपाय काय, हे आता गूढ राहिलेले नाही. जमिनीत सुमारे एक ते दीड मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप अंथरायचे, त्यांचे पाणी मोठ्या पाइपात आणि तिथून ओढ्याला सोडायचे. चोपण असेल तर जिप्सम घालायचे, म्हणजे त्यातला कॅल्शियम सोडियमला हाकलून जागा घेतो. मग धैंचा किंवा ताग गाडून मातीत जीव आणायचा. क्रम चुकता कामा नये. निचऱ्याची वाट केल्याशिवाय जिप्सम घातले तर सुटलेला सोडियम तिथेच राहतो आणि पैसे मातीत जातात. शिरोळ तालुक्यात दत्त सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेऊन शेतकऱ्यांना एकत्र आणून अशा निचरा योजना राबवल्या आणि पडून राहिलेल्या जमिनी पुन्हा पिकाखाली आल्या.

'एकत्र आणून' हे शब्द इथे कळीचे. एकट्या शेतकऱ्याने आपल्या दोन एकरांत पाइप टाकले तर पाणी सोडायचे कुठे? शेजाऱ्याच्या बांधावर? ओढा बुजवून कुणी त्यात ऊस लावलेला असतो. पाणी आणणे एकट्याला जमते, मोटार आणि पाइप असले की झाले. पाणी बाहेर नेणे गावाला मिळूनच करावे लागते. फड पद्धतीतल्या गावाकडे ही ताकद होती. कालव्याच्या गावाकडे ती उरली नाही, कारण पाणी खात्याकडून यायचे आणि पट्टी खात्याकडे जायची.

आता ज्यांच्या दारी पाणी आले आहे

केबिन रोडवर आणि आसपास खानापूर, आटपाडी, माण, जत या तालुक्यांतून आलेली पुष्कळ घरे आहेत. कुणी गलाईच्या धंद्यात, कुणी माथाडीत, कुणी रिक्षा चालवतो. गाव सोडण्याचे कारण विचारले तर सगळ्यांचे उत्तर एकच, पाणी. गेल्या काही वर्षांत त्यांच्या बोलण्याचा सूर बदलला आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढवून त्या माळांवर नेले. आमच्या इमारतीतले आटपाडीकडचे एक गृहस्थ यंदा मे महिन्यात गावाहून आले ते हरखून. मला म्हणाले, "अण्णा, आमच्या पडक्या विहिरीला पाणी हाताला लागतंय. दोन एकर ऊस लावला पोरानं."

तीन पिढ्यांनी पाण्यासाठी वाट पाहिली, तेव्हा हा आनंद खरा आहे आणि त्यात मोडता घालण्याचा मला काही अधिकार नाही. मी इतकेच विचारले, "भाऊ, गेल्या वर्षी मे महिन्यात विहिरीचं पाणी किती खाली होतं?" त्यांनी हाताने खूप खाली दाखवले. त्यांना ती खूण आनंदाची वाटली, मला विचार करायला लावणारी. माळाची उथळ, मुरमाड जमीन निचऱ्याची असते, तिला धोका कमी. पण त्याच माळावरून झिरपलेले पाणी खालच्या काळ्या पट्टीत, ओढ्याकाठच्या खोल जमिनीत जमा होते. म्हणजे चुकीचा भार वरच्याने न भोगता खालच्याने भोगायचा. नीरेवरही सखल जमिनी आधी गेल्या.

इतिहासाचा उपयोग इथे होतो. आटपाडी आणि जत आज तिथे आहेत जिथे १८८५ नंतरची बारामती होती. तेव्हाच्या शेतकऱ्याला पुढे काय वाढून ठेवले आहे हे सांगणारा कुणी नव्हता. आजच्या शेतकऱ्याच्या पाठीशी विश्वेश्वरय्यांची गटपद्धत आहे, मान-ताम्हाणे आहेत, इंग्लिस-गोखले आहेत, पाडेगावची माती-पाहणी आहे, शिरोळचा ताजा अनुभव आहे. कायदाही अनुकूल झाला आहे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याची तरतूद केली आहे. पाणी मोजून मिळाले तर ते मोजून वापरण्यात शेतकऱ्याचा फायदा असतो. आणि ठिबक आता परवडण्याजोगे आहे. मात्र ठिबकनेही क्षार येतातच, मुळांच्या ओल्या गोलाच्या कडेला ते साठतात, म्हणून पावसाळ्यात ते धुऊन जायला निचरा लागतोच.

प्रत्येक गावाने सुरुवातीला तीन कामे करावीत, असे हा सगळा इतिहास वाचून मला वाटते. तिन्हींना खर्च जवळजवळ नाही. पहिले, गावातल्या आठ-दहा विहिरींच्या कठड्यावर खूण करून वर्षातून दोनदा, मे अखेर आणि दिवाळीच्या सुमारास, पाण्याची पातळी मोजावी आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. सखल भागात पातळी जमिनीपासून दोन मीटरच्या आत येऊ लागली की समजावे, वात पेटली. दुसरे, ओढे आणि नाले नकाशाप्रमाणे मोकळे ठेवावेत, कारण उद्या निचऱ्याचा पाइप सोडायला तीच एक जागा असेल. तिसरे, ओढ्याकाठच्या खोल काळ्या जमिनीत बारमाही ऊस लावण्यापूर्वी माती तपासून घ्यावी, आणि शाळू, हरभरा, करडई यांची फेरपालट निदान तिथे तरी सोडू नये.

विहिरीची पातळी मोजायला दोर लागतो, दोराला दगड लागतो आणि लिहायला वही लागते. नीरेकाठी १८८५ साली ही वही कुणी उघडली असती, तर १९१० च्या पुस्तिकेत दुसरे काही लिहावे लागले असते. यंदा दिवाळीला गावी जाणाऱ्यांनी ती उघडावी. पहिली नोंद याच महिन्याची.